उघड्या लोखंडाचा अर्धा तास

आमच्या मुलुंडच्या घराच्या बाल्कनीत दोन बादल्या असतात. एक आईची, एक माझी. माझ्या बादलीला कुणी हात लावायचा नाही असा नियम आहे, कारण तिच्यात कधी सायट्रिक अ‍ॅसिड असतं, तर कधी धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जरच्या वायरी. "लोक शनिवारी रात्री छोले भिजत घालतात, आमचा मुलगा नटबोल्ट," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. आठवडाभर मी सॉफ्टवेअर लिहितो. तिथे केलेल्या कामाला वजन नसतं, वास नसतो. रविवारी सकाळी बादलीतून काढलेल्या तुकड्यावरून तारेचा ब्रश फिरवला की काळपट-तांबडा चिखल ओघळतो आणि खालून करडं लोखंड दिसतं. हे सुख मला शब्दांत नीट सांगता येत नाही.

पण हा लेख त्या सुखाबद्दल नाही. त्या बादलीतून निघालेला एक तुकडा मी सातशे रुपयांना विकला, त्याबद्दल आहे.

आधी गाडीबद्दल. आजोबांची प्रीमियर पद्मिनी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. ही गाडी खरं तर आमची शेजारीण. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला होता. तिथे फियाट 1100ची भारतीय आवृत्ती बनायची आणि 1970च्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळालं. गाडीसाठी नंबर लावायचा आणि काही वर्षं वाट पाहायची, असा तो काळ. आजोबांनीही वाट पाहिली होती. 2000च्या सुमारास पद्मिनी बनायची थांबली. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003ला नोंदली गेली आणि टॅक्सीला 20 वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे 2023चा ऑक्टोबर संपता संपता काळ्या-पिवळ्या पद्मिनीही रस्त्यावरून गेल्या. आता या गाडीचे बरेचसे भाग मिळतात ते दुसऱ्या, मेलेल्या गाड्यांमधूनच. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्या सुट्या करणाऱ्यांची रांगच्या रांग आहे. तिथे ढिगातून उपसायचं, हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा, भाव करायचा आणि घरी आणून भिजत घालायचं.

मी हे सुरू केलं तेव्हा माझी समजूत साधी होती: लोखंड ही वस्तू, गंज हा तिच्यावर चढलेला मळ. आपण भाषेतही तसंच बोलतो. गंज 'चढतो', 'लागतो', 'धरतो', जणू तो बाहेरून येतो. बाहेरून येतात ते फक्त पाणी आणि ऑक्सिजन. उरलेला सगळा माल लोखंडाचाच असतो. धम्मपदातल्या मलवग्गात हाच दाखला आहे: लोखंडातून उपजलेला मळ लोखंडालाच खातो, तशी माणसाची स्वतःची कर्मं त्याला खातात. म्हणजे मी बादलीत घासून टाकतो तो चिखल गाडीवर बसलेली धूळ नसून गाडीच असते. जे लोखंड गेलं ते गेलं. घरात करता येण्याजोगी कुठलीही युक्ती ते परत आणत नाही.

युक्त्या बऱ्याच आहेत आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. एक लिटर पाण्यात पन्नास ते शंभर ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड टाकून त्यात भाग रात्रभर ठेवला की गंज विरघळतो. विसरून दोन दिवस ठेवला तर चांगलं लोखंडही विरघळायला लागतं. कडक केलेल्या पोलादाच्या स्प्रिंगा आणि बोल्ट मात्र अ‍ॅसिडात टाकू नयेत. त्यात तयार होणारा हायड्रोजन धातूत शिरतो आणि बाहेरून छान दिसणारा बोल्ट आतून ठिसूळ होतो. दुसरी पद्धत विजेची. पाण्यात लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा, चार्जरची ऋण बाजू आपल्या भागाला, धन बाजू एखाद्या भंगार लोखंडी पट्टीला. पट्टी खंगत जाते, भागावरचा गंज सुटतो आणि खालच्या धातूला धक्का लागत नाही. पट्टी स्टेनलेस स्टीलची वापरायची नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. शिवाय बुडबुड्यांतून हायड्रोजन निघतो म्हणून हे मोकळ्या हवेतच करायचं. तिसरी पद्धत गंज काढायची नाहीच, बदलायची. हिरड्यात असतं तसलं टॅनिन गंजाला लावलं की तो निळसर काळा आणि स्थिर होतो. हिरडा आणि लोखंड यांच्यापासून शाई करायचे, तीच ही क्रिया. बाजारात 'रस्ट कन्व्हर्टर' म्हणून जी बाटली मिळते, त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत हेच टॅनिन असतं.

पद्धत कुठलीही असो, गंज निघाल्यावरचा क्षण सारखाच. भाग धुवायचा, अ‍ॅसिड वापरलं असेल तर खाण्याच्या सोड्याने मारायचं, पुसायचा, हेअर ड्रायरने सुकवायचा. आणि मग घाई करायची. नुकतं उघडं पडलेलं लोखंड मुंबईच्या हवेत टिकत नाही. जुलै महिन्यात तर वायरब्रश खाली ठेवून चहा घेऊन येईपर्यंत तुकड्यावर केशरी झाक आलेली असते. म्हणून लगेच तेल, नाहीतर प्रायमर. माझ्या अनुभवाने पावसाळ्यात हातात असतो तो फार तर अर्धा तास.

या अर्ध्या तासात काय असतं ते मला कळायला बराच वेळ लागला. गंजलेला भाग अर्धवट बोलतो. काहीतरी बिघडलंय हे तो सांगतो, किती बिघडलंय ते सांगत नाही. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो, त्यामुळे जाड खपली बघून वाटतं की सगळं संपलं, आणि खाली धातू जवळपास शाबूत निघतो. उलट कधी वर नुसता तांबूस थर असतो आणि खाली सुईने टोचल्यासारखे खोल खड्डे. रंगवलेला भाग तर काहीच बोलत नाही. पहिल्या अवस्थेत संशय, तिसऱ्या अवस्थेत शांतता. पूर्ण खरं दिसतं ते मधल्या अर्ध्या तासात, आणि तेव्हा बाल्कनीत एकच माणूस असतो.

मी विकलेला तुकडा होता स्टिअरिंगचा ड्रॉप आर्म. स्टिअरिंग बॉक्समधून खाली येणारा, वीतभर लांबीचा, ठोकून घडवलेल्या पोलादाचा हात. चालक चाक फिरवतो तेव्हा पुढची चाकं ज्या सळ्यांनी वळतात, त्या सळ्यांना हा हलवतो. कुर्ल्याहून मी दोन आणले होते. एक चांगला निघाला, तो आमच्या गाडीला लागला. दुसरा साफ केल्यावर दिसलं की जाड टोकाच्या भोकाजवळ पाच-सहा खड्डे आहेत. नखाला जाणवतील एवढे. मी ते पाहिले, अंगठा फिरवला, तेवढ्यात केशरी झाक यायला लागली म्हणून रेड ऑक्साइड मारला, दुसऱ्या दिवशी वरून काळा रंग दिला. तुकडा नव्यासारखा दिसू लागला. महिनाभराने ओळखीतून बोरिवलीच्या एका गृहस्थांचा फोन आला. निवृत्त, स्वतःची पद्मिनी पुन्हा चालती करायच्या मागे लागलेले. ते मुलुंडला आले, तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला, "काय सुंदर काम केलंयस रे," म्हणाले. मी म्हटलं, "थँक्यू काका." सातशे रुपये घेतले.

मी खोटं काहीच बोललो नाही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही वगैरे काही झालं नाही. छान झोप लागली.

आठवण झाली ती तीन आठवड्यांनी, आणि तीही गाडीमुळे नाही. आमची इमारत तिशी ओलांडलेली आहे. महापालिका कायद्याच्या कलम 353-बप्रमाणे 30 वर्षांवरच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं, तसं आमचंही झालं. पार्किंगमधल्या खांबांचं प्लास्टर काही ठिकाणी फोडलं, तेव्हा आतल्या सळया दिसल्या. इथेही तोच गंज आणि तोच हिशेब. काँक्रीट जुनं झालं की सळयांचं रक्षण करण्याचा त्याचा गुण कमी होत जातो, ओल आणि हवा आत पोचते, सळई गंजते, फुगते आणि भोवतालचं काँक्रीट आतून फोडते. छतावर दिसणारी ती लांब चीर म्हणजे सळईने आतून मारलेली हाक असते.

बाबा खांबाजवळ उभे होते. म्हणाले, "ही सळई मी आधीपण पाहिली होती."

काही वर्षांपूर्वी सोसायटीने दुरुस्ती काढली होती तेव्हा बाबा कमिटीत होते. मिस्त्रीने याच खांबाचं प्लास्टर काढलं, आत सळई खंगलेली होती, तिच्यावर काहीतरी लावलं, सिमेंट भरलं, रंग झाला. मिनिटांच्या वहीत लिहिलं गेलं: 'खांबांची दुरुस्ती पूर्ण.' त्याच वर्षी दुसऱ्या मजल्यावरची एक जागा विकली गेली. घेणाऱ्यांनी खाली पार्किंगमध्ये फिरून पाहिलं असणार. त्यांना दिसला असणार तो ताजा रंग.

"तुम्ही सांगितलं का नाही कुणाला?" मी विचारलं.

"काय सांगायचं? जुनी इमारत आहे हे घेणाऱ्याला माहीत होतं. आणि दुरुस्ती केली होती ना आम्ही. लपवली नव्हती."

बाबा खोटं बोलत नव्हते. मी बोरिवलीच्या काकांशी जेवढं खोटं बोललो होतो तेवढंच. त्यांच्यावर रागवायला तोंड उघडलं आणि मला तो काळा, चकचकीत ड्रॉप आर्म दिसला.

बाबांचा युक्तिवाद कमकुवत नाही, म्हणून तो नीट तपासायला हवा. जुनी वस्तू घेणारा जोखीम समजून घेतो. भाव त्यामुळेच कमी असतो. सीएसटी रोडवरच्या माणसाने मला तरी कुठे काय सांगितलं होतं? प्रत्येक विकणाऱ्याने प्रत्येक वस्तूचं सगळं दुखणं सांगायचं ठरवलं तर जुन्या बाजारात एक स्क्रूही विकला जाणार नाही. शिवाय सगळं कुणाला माहीत असतं?

पण कुर्ल्याच्या त्या माणसात आणि माझ्यात एक फरक आहे. त्याने मला गंजलेला तुकडा गंजलेला म्हणून दिला. मी तो पाहू शकत होतो, ठोकू शकत होतो, घासू शकत होतो. त्याला जे माहीत होतं ते मलाही कळू शकत होतं. मी तोच तुकडा पुढे दिला तेव्हा ती वाट बंद करून दिला. काकांना तुकडा जुना आहे हे माहीत होतं, पण मी काय पाहिलं ते माहीत नव्हतं आणि माझ्या रंगामुळे त्यांना ते दिसूही शकत नव्हतं. 'जुना माल आहे, घेणाऱ्याने बघून घ्यावं' हे म्हणायचा हक्क वस्तू बघता येण्यासारखी ठेवणाऱ्याला असतो. जो स्वतःच्या हाताने बघण्याची सोय काढून घेतो, त्याने ते डोळे तोंडी परत द्यायला हवेत.

म्हणजे सगळं सांगायची गरज नाही. जे मी पाहिलं आणि माझ्याच हातामुळे झाकलं गेलं, तेवढं मी सांगणं लागतो. ही मर्यादा मला पाळता येण्यासारखी वाटते. सीटच्या फोममध्ये काय आहे, वायरिंग आधी कुणी जोडलं होतं, हे मला माहीत नाही आणि ते माझ्यावर नाही. भोकाजवळचे पाच-सहा खड्डे मात्र जगात मी एकट्यानेच पाहिले होते. एकमेव साक्षीदाराचं गप्प बसणं हे दहांपैकी एकाच्या गप्प बसण्यासारखं नसतं. दहांतला एक गप्प बसला तर सत्य थोडं उशिरा कळतं. एकमेव साक्षीदार गप्प बसला तर ते नाहीसंच होतं.

याचा अर्थ झाकणं वाईट असाही नाही. उघडं लोखंड हे काही जास्त प्रामाणिक लोखंड नव्हे. त्याला उघडं ठेवणं म्हणजे मरू देणं. दिल्लीच्या मेहरौलीतला लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षं टिकला, तो उघडा राहून नाही. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ, घट्ट थर तयार झाला. कानपूर आयआयटीचे आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. गंजाच्याच जातीचा तो थर गंजाला अडवतो. आमचा रेड ऑक्साइडही तसाच. त्यातला तांबडा रंग लोह ऑक्साइडचाच असतो, म्हणजे गंजाच्या भावंडाचाच लेप देऊन आपण गंज थांबवतो. माणसंही अशीच जगतात. प्रत्येक घरात काही गोष्टींवर पुट चढवलेलं असतं आणि ते नसतं तर घर उभं राहिलं नसतं. प्रत्येक जखम कायम उघडी ठेवा म्हणणाऱ्या माणसाबरोबर राहणं अवघड असतं.

तेव्हा झाकावं की न झाकावं हा प्रश्न मागे पडतो. झाकण्याआधी आपण जे पाहिलं, त्याचं काय करतो हा खरा प्रश्न. वास्तूंच्या जतनाचं काम करणाऱ्यांनी हा पेच फार आधी ओळखलेला दिसतो. 1964च्या व्हेनिस सनदेत असं तत्त्व आहे की हरवलेल्या जागी बसवलेला नवा भाग मूळ वास्तूशी सुसंगत असावा, तरीही तो मूळ नाही हे ओळखता यावं. आणि काम करताना काय आढळलं, काय केलं, याची नोंद ठेवली जावी. दुरुस्ती करा, पण दुरुस्तीने पुरावा खाऊ नका. माझ्या नोकरीतही हेच शिकवतात. कोड बदला, पण का बदलला ते लिहून ठेवा, कारण पुढच्याला फक्त बदललेला कोड दिसणार आहे. कामावर मी हे न चुकता करतो. बाल्कनीत केलं नाही, कारण तिथे तपासायला कुणी नव्हतं.

मी काकांना फोन केला. खड्ड्यांचं सांगितलं. अशा खड्ड्यांपासून भेग सुरू होऊ शकते हेही सांगितलं. स्टिअरिंगच्या प्रत्येक वळणाला त्या हातावर ताण येतो, सुटतो, पुन्हा येतो, आणि भेग अशाच जागा शोधत असते. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग रंग का दिलास?"

"नाहीतर पुन्हा गंजला असता, काका."

"ते बरोबर. पण सांगायला काय हरकत होती?"

याला उत्तर नव्हतं. खरं कारण एवढंच होतं की 'सुंदर काम केलंयस' हे वाक्य मला आवडलं होतं आणि खड्ड्यांचं बोललो असतो तर ते परत गेलं असतं. सातशे रुपयांसाठी मी गप्प बसलो नव्हतो. कौतुकासाठी बसलो होतो. आपण खोटेपणा बहुतेक वेळा पैशात मोजतो, त्यामुळे असा खोटेपणा हिशेबात येतच नाही.

तुकडा अजून गाडीला लागला नव्हता. मी पैसे परत द्यायला तयार होतो, पण त्यांना तो भाग हवाच होता, दुसरा मिळत नव्हता. आम्ही दोघांनी मिळून रंग उतरवला आणि एका वर्कशॉपमध्ये डाय पेनिट्रंट चाचणी करून घेतली. स्वच्छ धातूवर लाल द्रव लावतात, तो भेगेत शिरतो, वरचा पुसून टाकतात, मग पांढरी पूड फवारतात. भेग असेल तर लाल रेघ उमटते. ही चाचणी रंगावर होत नाही, उघड्या लोखंडावरच होते. दहा मिनिटं आम्ही दोघं त्या पांढऱ्या तुकड्याकडे बघत उभे होतो. रेघ उमटली नाही.

मला सुटल्यासारखं वाटलं. पण सुटलो तो माझ्यामुळे नाही. भेग असती तरी मी त्या दिवशी बाल्कनीत तेच केलं असतं, तोच रंग, तेच 'थँक्यू काका'. भेग नसणं हा लोखंडाचा चांगुलपणा. माझं वागणं दोन्ही बाबतींत सारखंच होतं.

आता मी एक साधी गोष्ट करतो. भाग साफ झाला की प्रायमरच्या आधी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढतो, खड्डे असतील तिथे शेजारी पट्टी ठेवून. भाग दुसऱ्याला दिला तर फोटोही देतो. याला अर्धं मिनिट लागतं. दोन जणांनी फोटो पाहून भाग घ्यायचं नाकारलं. एकाने भाव पाडला.

इमारतीच्या बाबतीत बाबांनी मात्र माझ्यापेक्षा अवघड गोष्ट केली. ऑडिटवर चर्चा करायला सभा भरली तेव्हा ते उठले आणि मागच्या दुरुस्तीत त्या खांबात काय दिसलं होतं ते त्यांनी सर्वांसमोर सांगितलं. दुसऱ्या मजल्यावर राहायला आलेलं कुटुंबही बसलं होतं. सभेत बराच आरडाओरडा झाला. कुणीतरी म्हणालं, आता सांगून काय उपयोग? बाबा म्हणाले, "उपयोग असेल-नसेल. वहीत लिहा."

यंदा खांबाचं प्लास्टर पुन्हा काढलं तेव्हा सिमेंट भरायच्या आधी दोन्ही बाजूंनी फोटो काढले गेले. सळई उघडी होती, त्या अर्ध्या तासात दुसऱ्या मजल्यावरचे लोकही खाली येऊन बघून गेले.